दोन राज्यांची दोन कार्डं आणि भाताची लावणी: खानापुरातल्या एका बाळाचं प्रकरण

प्रकरण कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका वाडीतलं. घर मराठी, शेती भाताची, थोडी नाचणी, दोन म्हशी. बाळ मुलगी, वय १४ महिने. तिला इथं छकुली म्हणू. कुटुंब ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

मे महिन्याच्या शेवटी छकुलीचं वजन ७ किलो भरलं आणि लांबी ७० सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढ-मानकांनुसार या वयाच्या मुलीचं मध्यम वजन ९.४ किलो आणि लांबी ७६ सेंटीमीटरच्या थोडी वर असते. म्हणजे ती वयाच्या मानाने कमी वजनाची होती आणि खुजीही. दंडाचा घेर १२.३ सेंटीमीटर. तो साडेअकराच्या खाली असता, तर तीव्र कुपोषित म्हणून तिला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवता आलं असतं. ती साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या पट्टीत बसली, आणि या पट्टीतल्या बाळांसाठी धावाधाव करायची कुणाला गरज वाटत नाही. नोंदवहीत ‘मध्यम कुपोषित’ असं लिहिलं जातं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

यात कुणी कामचुकारपणा केला, असं अजिबात नव्हतं. अंगणवाडी ताईंनी वजनं घेतली होती. आशा ताई घरी येऊन गेल्या होत्या. लसी वेळेवर, जंताचं औषध दिलेलं, रेशनचा तांदूळ घरात, संडास बांधलेला. प्रत्येक खात्याचा रकाना भरलेला होता. बाळ मात्र वाढत नव्हतं. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. कुपोषणावर ‘एकात्मिक’ काम करायचं म्हणतात ते नेमकं कुठं एकत्र यायला हवं, हे या एका घरात स्पष्ट दिसतं.

आजीचं निदान

“जन्मापासनंच बारीक हाय वो ताई. तिची आईबी तशीच,” आजी म्हणाल्या. घरात सगळ्यांचं हेच मत होतं, आणि नोंदीही त्याला पुष्टी देत होत्या. कर्नाटकातल्या नोंदीत छकुलीचं पहिलं वजन पाचव्या महिन्यातलं, ५.३ किलो. तेव्हाच ती वाढीच्या तक्त्यावरच्या खालच्या रेषेच्या, म्हणजे कमी वजनाच्या हद्दीच्या, खाली होती. नवव्या महिन्यात ६.१. मग सात. वयाच्या मानाने सलग खाली चाललेली रेषा पाहिली की कुणालाही वाटेल, हे बाळ मुळातच अशक्त.

आईचं माहेर सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं. सीमेच्या या पट्ट्यात सोयरिकी सर्रास दोन्ही राज्यांत होतात. खानापूर-बेळगावची सून चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याची असते आणि इकडची लेक तिकडे दिलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी गेली, मार्चच्या शेवटी तिकडच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली आणि जूनअखेर सासरी परतली. गरोदरपणातल्या नोंदी कर्नाटकाच्या तायी कार्डावर राहिल्या. जन्म आणि पहिले तीन महिने महाराष्ट्राच्या माता-बाल संरक्षण कार्डावर. हे दुसरं कार्ड ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली ठेवलेलं होतं. ते कुणी मागितलंच नव्हतं, म्हणून कुणी दाखवलंही नव्हतं.

दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि चित्र बदललं. जन्मवजन २.३ किलो, म्हणजे कमीच. पण माहेरच्या तीन महिन्यांत ते ४.९ किलोवर गेलं होतं. २.६ किलोची वाढ, मध्यम वजनाची मुलगी या काळात वाढते तितकीच. म्हणजे कमी वजनाची जन्मलेली छकुली खालच्या रेषेच्या वर चढून आली होती. नंतरच्या दोन महिन्यांत, जुलै आणि ऑगस्टमध्ये, वजन वाढलं फक्त ४०० ग्रॅम. या वयात निरोगी बाळ दोन महिन्यांत साधारण एक किलोने वाढतं.

बाळ जन्मापासून खाली चाललेलं नव्हतं. ते चढलं होतं आणि भाताच्या लावणीत घसरलं होतं.

लावणीतला एक दिवस

जुलैत या भागात धो धो पाऊस असतो. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. चिखलणी झाली की रोप काढून लावायचं, आणि ते दिवस कुणासाठी थांबत नाहीत. मजूर परवडत नाही, म्हणून पैरा चालतो: आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. पैऱ्यात ज्या घरची बाई येत नाही, त्या घरच्या शेतावर दुसरी कुणी का येईल?

तीन महिन्यांचं बाळ घरी ठेवून आई साडेसातला शेतात जायची ती संध्याकाळी सहाला यायची. शेत लांब, मध्ये ओढा, दुपारी येऊन अंगावर पाजून परत जाणं शक्यच नव्हतं. आजीने काय करायचं? पाणी घातलेलं म्हशीचं दूध, थोडी गुटी, भाताची निवळ. पहिले सहा महिने निव्वळ आईचं दूध, हे आईला पाठ होतं. आशा ताईंनी सांगितलं होतं, तिला पटलंही होतं. तिच्याकडे माहितीची कमतरता नव्हती, दिवसातल्या तासांची होती. त्या दोन महिन्यांत दोनदा हगवण लागली. सप्टेंबरपर्यंत आईचं दूधही कमी झालं. दूध पाजल्याने येतं, आणि दिवसाचे दहा तास पाजणंच बंद होतं.

पुढचा मे उजाडला तेव्हा छकुली काय खात होती, तेही आजी आणि आईला समोरासमोर बसवून चोवीस तासांच्या हिशेबाने विचारलं. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं. दहाला पेज, तीही वरची पातळ. दुपारी मऊ भात आणि आमटीचं वरचं पाणी. चारला दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट, कारण ती रडत होती आणि शेजारची पोरं खात होती. संध्याकाळी आणि रात्री अंगावरचं दूध. रात्रीची भाकरी-भाजी होईपर्यंत बाळ झोपलेलं. अंडी घरात होती, कोंबड्या दारातच. ती आठवड्याच्या बाजाराला जायची. शेंगदाणे डब्यात होते, पण बाळाला ‘बाधतात’ म्हणून दिले नव्हते.

१२ ते २३ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज साधारण ५५० कॅलरी वरच्या अन्नातून मिळाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. आठ अन्नगटांपैकी किमान पाच गट पोटात जावेत, हा विविधतेचा निकष. छकुलीचे गट मोजून तीन भरले, आणि त्यातला डाळीचा गट म्हणजे आमटीचं पाणी. ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ११.३ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. त्याच पाहणीत कर्नाटकात पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं खुजी निघाली, देशाच्या आकड्याला अगदी लागून.

जगातल्या संशोधनाने काय शिकवलं

युनिसेफने १९९० साली कुपोषणाच्या कारणांची जी मांडणी केली, ती अजून टिकून आहे. समोर दिसणारी कारणं दोन: अपुरा आहार आणि आजार. त्यांच्या खाली तीन खांब: घरातलं अन्न, बाळ-बाळंतिणीची देखभाल, आणि आरोग्यसेवा व स्वच्छ परिसर. त्याच्याही खाली गरिबी, सत्ता, जमीन, शिक्षण. यातल्या अन्नाला खातं आहे, आरोग्याला खातं आहे, पाण्याला आणि संडासाला खातं आहे. देखभालीला खातं नाही. ती आईने करायची असते, आणि आईला तेवढा वेळ आहे का, हे कुठल्याही रकान्यात विचारलं जात नाही.

मग सगळ्या गोष्टी एकदम दिल्या तर? हा प्रश्न जगाने गंभीरपणे तपासला आहे. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या मालिकेत हिशेब मांडला गेला की पोषणाचे दहा खात्रीचे उपाय नव्वद टक्के लोकांपर्यंत पोचले, तरी खुजेपण साधारण एक पंचमांशच कमी होईल. उरलेल्या चार हिश्शांचं उत्तर पाणी, स्वच्छता, शेती, स्त्रियांची स्थिती यांत शोधावं लागेल, असा त्याचा अर्थ घेतला गेला. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वे इथं मोठे प्रयोग झाले. काही गावांत फक्त आहार, काहींत फक्त पाणी-संडास-हात धुणं, काहींत दोन्ही. २०१८-१९ मध्ये निकाल आले. आहाराचा सल्ला आणि पूरक पोषण मिळालेल्या बाळांची लांबी थोडी वाढली. फक्त स्वच्छतेच्या उपायांनी लांबी वाढली नाही. आणि दोन्ही मिळालेल्या बाळांना निव्वळ आहारवाल्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही.

हा निकाल अनेकांना कडू लागला. त्याचा अर्थ स्वच्छता नको असा नाही. घरागणिक एक संडास आणि हात धुवायचं भांडं दिल्याने अंगणातली घाण, कोंबड्यांची विष्ठा, पाण्यातले जंतू बाळाच्या तोंडात जायचे थांबत नाहीत, त्यासाठी याहून खोल काम लागतं, हा त्याचा अर्थ. माझ्या मते आणखीही एक गोष्ट यातून निघते. उपायांची बेरीज केली म्हणजे एकात्मिक काम झालं, असं होत नाही. एका बाळाच्या बाबतीत नेमकं कुठं अडलंय हे न पाहता पाच खात्यांनी पाच वस्तू आणून दिल्या, तर त्या पाच वस्तूच राहतात.

शेतीच्या बाजूनेही असंच दिसलं. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात शेती आणि पोषण जोडणाऱ्या व्हिडिओंचा प्रयोग झाला, २०२१ मध्ये त्याचे निकाल आले. बाळांच्या ताटातली विविधता वाढली, पण मुलांचा रोडपणा घटला नाही. याउलट झारखंड-ओडिशात स्त्रियांच्या गटबैठका आणि घरभेटी यांच्या जोडीला तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली, तिथं कुपोषण घटलेलं दिसलं. पाळणाघराने बाळाला खाऊ तर दिलाच, शिवाय दिवसाचे सात-आठ तास कुणीतरी मोठं माणूस फक्त त्याच्याकडे बघत होतं.

आणि एक संशोधन तर थेट बेळगावच्या मातीतलं. बेळगावचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय ज्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात आहे, त्याने भारत, पाकिस्तान, ग्वाटेमाला आणि काँगो या चार देशांत एक चाचणी घेतली. भारतातला भाग याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला. बायकांचे तीन गट होते: एका गटाला गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पूरक पोषण, दुसऱ्याला गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू केलेलं, तिसऱ्याला काही नाही. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पूरक पोषण मिळालेल्या दोन्ही गटांतली बाळं तिसऱ्या गटाच्या बाळांपेक्षा जन्मतः लांब भरली. बाळाच्या उंचीचा बराचसा निर्णय पाळण्यात पडायच्या आधीच होऊन जातो, हे आपल्याच तालुक्या-तालुक्यांतल्या बायकांनी जगाला दाखवून दिलं. या पट्ट्यातल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

छकुलीच्या आईची तायी कार्डावरची पहिली नोंद पाहा: उंची १४८ सेंटीमीटर, वजन ४१ किलो, हिमोग्लोबिन ९.२. गर्भाला सुरुवात झाली तीच या भांडवलावर.

काय केलं

मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागतं. हातात थोडे दिवस होते, आणि काय आधी करायचं हे पावसानेच ठरवून दिलं.

पहिलं काम नाचणीचं, कारण पावसात काही वाळत नाही. नाचणी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, मंद आचेवर जेमतेम परतली, चोळून मोड झाडले, दळून वस्त्रगाळ केली. सत्त्व करायची ही रीत आजींना माहीत होती. बाळंतिणीला त्या देतच होत्या. रीत जुनी असली, तरी तिच्यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. मोड येताना धान्यात जे विकर (एन्झाइम) तयार होतं ते पिष्ट तोडतं, त्यामुळे लापशी घट्ट गोळा होत नाही. साध्या पिठाची लापशी बाळाला गिळता यावी म्हणून पाणी घालून पातळ करावी लागते, आणि पाण्याबरोबर तिची ताकद जाते. मोडाच्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही सैल राहते. पीठ करपवून भाजलं तर ते विकर मरतं, म्हणून मंद आच. मोड आल्याने लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह जास्त लागू पडतं. १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते वेगळंच. त्यात भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट, गूळ, वरून चमचाभर तेल. एका वाटीत साधारण २०० कॅलरी बसतात. त्याच वाटीतल्या निवळीत फार तर पाव हिस्सा.

शेंगदाण्यांवर आजी अडल्या. “ल्हान पोराला पित्त हुतंय.” त्यावर वाद घातला नाही. अख्खा दाणा घशात अडकतो हे खरंच, तेव्हा कूटच द्यायचं ठरलं, आणि पहिले चार दिवस अर्धा चमचा. पाचव्या दिवशी आजींनीच वाढवलं. सगळी चर्चा मराठीत, आजीच्या बोलीत झाली, आणि आईपेक्षा जास्त आजींशी झाली, कारण दिवसभर बाळाच्या तोंडात काय जातं ते त्या ठरवतात. हातात दिलेली पत्रकं कन्नडमध्ये होती. अंगणवाडी ताई दोन्ही भाषा बोलतात म्हणून निभावलं, पण आईला ती घरी पुन्हा वाचता आली नाहीत.

दुसरं काम अवघड होतं: पैरा. लावणीच्या दिवसांत पैऱ्यातली एक बाई आळीपाळीने वाडीत राहील, तीन वर्षांखालची सगळी बाळं सांभाळील, दोन वेळा भरवील, आणि तिचा तो दिवस शेतातल्या दिवसासारखाच पैऱ्यात धरला जाईल, अशी कल्पना मांडली. “घरात बसल्यालीचा पैरा कसा धरायचा?” हा प्रश्न लगेच आला, आणि तो रास्तच होता. चिखलात दिवसभर वाकून उभी राहणारी बाई हे सहज का मान्य करील? तोड काढली वाडीतल्या एका वयस्क काकूंनी. कंबर धरलेल्या, वाकता न येणाऱ्या बायका तशाही पैऱ्यातून बाहेर पडल्या होत्या. त्यांना बाळांच्या कामावर घेतलं तर त्यांचं घर पैऱ्यात राहतं आणि शेतावरचा एक हातही कमी होत नाही. तसं ठरलं. जागा समाजमंदिराचा ओटा, खाली ताडपत्री आणि चटई, कोंबड्यांना अडसर. पाणी उकळून, झाकण आणि तोटी असलेल्या भांड्यात.

कर्नाटक सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरं जाहीर केली. कल्पना योग्यच आहे. पण विखुरलेल्या वाड्यांना पंचायतीचं गाव लांब पडतं. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम जेवण देणाऱ्या ‘मातृपूर्ण’ योजनेलाही (२ ऑक्टोबर २०१७) घाटाच्या पट्ट्यात हेच अंतर नडलं. पोटुशी बाई पावसात ओढा ओलांडून रोज एका जेवणासाठी जाणार कशी?

तिसरं आईचं. लोहाच्या गोळ्या तिने मळमळीमुळे सोडल्या होत्या. रात्री जेवणानंतर घ्यायच्या आणि चहा दोन तास लांब ठेवायचा, इतक्या बदलावर त्या पुन्हा सुरू झाल्या. आठवड्यातली चार अंडी बाजारातून वगळून घरात ठेवायची, दोन आईची, दोन बाळाची, हे सासऱ्यांनी कबूल केलं.

काय झालं

सप्टेंबरअखेर छकुली १८ महिन्यांची झाली. वजन ८ किलो. चार महिन्यांत एक किलो, आणि तेही लावणीच्या चार महिन्यांत. या वयात मध्यम वाढ ८०० ग्रॅमची. हगवण एकदाच लागली आणि लवकर थांबली. दंडाचा घेर साडेबाराच्या वर गेला.

लांबी ७० वरून ७३.५ झाली. याच काळात मध्यम मुलगी चार सेंटीमीटरहून थोडी अधिक वाढते. म्हणजे वजन सावरलं, उंची अजून मागेच पडते आहे. हे अपेक्षितच होतं, तरी कागदावर पाहताना वाईट वाटतं. हाडाची वाढ वजनाच्या मागून येते, आणि गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांतले बरेचसे दिवस निघून गेले आहेत.

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. यंदा पाऊस वेगळा होता, बाळ वर्षाने मोठं होतं, बाहेरून माणसं येऊन विचारपूस करत होती. नेमका गुण सत्त्वाला आला, की पैऱ्यातल्या काकूंना, की अंड्यांना, ते या प्रकरणातून वेगळं काढता येणार नाही. पण प्रश्न कसा विचारायचा ते यातून कळतं. सीमाभागात याचा अभ्यास करायचा असेल तर काही वाड्यांत लावणीचं पाळणाघर यंदा, काहींत पुढच्या वर्षी, असं पाळीपाळीने सुरू करून तुलना करता येईल. वजन-लांबीबरोबर आईच्या दिवसाचे तास मोजले जावेत. आहारतज्ज्ञाने शेतीचं वेळापत्रक वाचावं आणि शेतीतल्या माणसाने वाढीचा तक्ता. माहेरचं कार्ड पहिल्याच भेटीत मागितलं जावं. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन जिल्ह्यांच्या नोंदी जुळल्या, तर सातवा महिना ते बाळाचा तिसरा महिना हा सगळ्यांत नाजूक काळ दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडणार नाही. चिकोडी-अथणीकडच्या ऊसपट्ट्यात भाताच्या लावणीच्या जागी ऊसतोड येईल, निपाणीत विड्या वळायचं सूप. अडण्याची जागा बदलेल, शोधायची पद्धत तीच.

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची १४ कोटी ८१ लाख मुलं खुजी होती, साधारण दर पाचातलं एक. त्या आकड्यात छकुलीसारखी, कुठल्याच यादीत तातडीची न ठरणारी बाळं किती असतील?

घरात दुसऱ्या बाळाची भाषा सुरू झाली आहे. आईचं हिमोग्लोबिन आता १०.४ आहे, बाराच्या खालीच. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवायचं, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं आहे. सासूबाईंचा होकार अजून अर्धाच. धाकटी जाऊ गेल्या वैशाखात लग्न होऊन आली, तिचं वजन ४२ किलो. तिचं तायी कार्ड दिवस गेल्यावर निघेल. तिच्या लोहाच्या गोळ्या आणि रोजचं अंडं मात्र याच महिन्यात सुरू झालं.